गाडी परत केली, तरी कर्ज उभे?

(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मजसारख्या सातवी शिकलेल्या बाईने कायद्यावर बोलावे याचे काहींना हसू येईल. पण चिटणीसबाई म्हणाल्या की, पाककृती दरवर्षी येतात, या वेळी तुमच्या त्या गाडीच्या कर्जाचे सांगा. आपल्या रेवदंड्यात आणि थेरोंड्यात दर चार घरांआड एक गाडी फायनान्सवर उभी आहे. ते खरे आहे. तेव्हा मी जे केले, जे विचारून घेतले आणि जे कागद सांभाळले, तेवढेच सांगते. फायनान्सवाल्यांचे नाव मी घेणार नाही. इथे गाऱ्हाणे गाण्यापेक्षा हिशेब कसा मांडावा हे सांगणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

आमच्या घरच्यांनी 2019 च्या पाडव्याला छोटा हत्ती घेतला. बंदरावरची मासळी अलिबागला आणि पेणला पोचवायची, येताना बर्फ आणायचा, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या घरांचे सामान वाहायचे, असा बेत होता. किंमत पाच लाख. एक लाख आम्ही भरले, चार लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी घेतले. व्याज साडेनऊ टक्के म्हणून सांगितले होते. इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. साडेनऊ टक्के 'फ्लॅट' म्हणजे चार लाखांवर वर्षाला अडतीस हजार, चार वर्षांचे एक लाख बावन्न हजार. एकूण पाच लाख बावन्न हजार भागिले अठ्ठेचाळीस, म्हणून हप्ता साडेअकरा हजार. पण मुद्दल तर दर महिन्याला थोडे थोडे फिटत जाते! तरीही व्याज शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवरच धरलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर तेच व्याज सतरा टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून दर ऐकला की 'फ्लॅट की घटत्या मुद्दलावर' एवढे विचारावे. विचारायला शिक्षण लागत नाही.

कर्जदार हे, सहकर्जदार मी, आणि जामीन आमचे धाकटे दीर. त्यांची होडी आहे.

पहिले वर्ष बरे गेले. हप्त्याला पावसाळा नसतो, हे मात्र पहिल्याच जूनमध्ये कळून चुकले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बंदरावर मासळी नाही तर गाडीला भाडे कुठले? नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही साठवलेल्यातून हप्ते भरले. पुढे मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि 3 जूनला निसर्ग वादळ. त्या दिवसाचे वर्णन मी तुम्हांला काय करावे? ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या त्या बायका इथे बसल्या आहेत. आमचे पत्रे गेले, होडी वाचली. रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टअखेर हप्ते लांबविण्याची सवलत दिली होती, ती आम्ही एप्रिलपासून घेतली. सवलत म्हणजे माफी नव्हे. हप्ता थांबतो, व्याज चालूच असते. सप्टेंबरपासून पुन्हा हप्ते सुरू केले, फेब्रुवारी 2021 पर्यंत ओढले. मग दुसरी लाट, आणि मे महिन्यात तौक्ते वादळ. चार हप्ते थकले.

वसुलीवाले येऊ लागले. त्यांच्याबद्दल एवढेच सांगते की, दांडगाईने गाडी ओढून नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली व पुन्हा 2011 साली बजावलेले आहे. मात्र याचा अर्थ गाडी घेताच येत नाही असा मुळीच नाही. हप्ते थकले तर करारात लिहिलेल्या रीतीने ताबा घेण्याचा हक्क त्यांना आहे, हेही 2020 च्या एका निकालात सांगितलेले आहे. आम्ही भांडत बसलो नाही. गाडी दारात उभी राहून व्याज वाढविण्यापेक्षा परत करावी असे दोघांनी ठरविले आणि जून 2021 मध्ये यांनी ती स्वतः चालवीत पेणजवळच्या यार्डात नेऊन दिली. मी बरोबर गेले होते.

तेथला माणूस किल्ली घेऊन "झालं, या आता" म्हणाला. मी म्हटले, पावती? "पावती कसली?" मी म्हटले, आम्ही बंदरावर पाटीभर बोंबील दिले तरी चिठ्ठी घेतो. मग त्याने लिहून दिले: तारीख, वाजले किती, किलोमीटर किती झाले, चारही टायर व स्टेपनी आहे, बॅटरी आहे, गाडी मालकाने स्वतः आणून दिली. मुलीने मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले. त्यात वेळ फार महत्त्वाची. गाडी यार्डात गेली तरी आरसी बुकावर नाव आपलेच असते, आणि पुढे कोणी ती चालवून अपघात केला तर नुकसानभरपाईसाठी ज्याचे नाव नोंदलेले त्यालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल तसाच आहे. ताबा कधी दिला हे आपल्याजवळ लेखी नसेल तर आपण बोलणार कशाच्या जोरावर?

आता मुख्य भाग. आपल्याकडे सर्रास समजूत आहे की गाडी परत केली की कर्ज मिटले. तसे नसते. गाडी हे तारण, कर्ज वेगळे. फायनान्सवाले गाडी विकतात, आलेली रक्कम कर्जातून वजा करतात, आणि कमी पडेल ते आपल्याकडे मागतात. मागू द्या. पण किती कमी पडले, ते खरोखरच तेवढे आहे का, हे आपण पाहावयाचे.

नोव्हेंबर 2021 मध्ये नोटीस आली. तीत मागणी होती दोन लाख एकोणपन्नास हजार तीनशे रुपयांची! हे त्या रात्री जेवले नाहीत. मी जेवले, कारण मला कागद वाचावयाचा होता. आकडे असे होते: बाकी 3,55,900, दंडव्याज 18,900, यार्डाचे भाडे 120 दिवसांचे 18,000, गाडी ओढून आणल्याचा खर्च 12,000, नोटीस व वकील 9,500. एकूण 4,14,300. त्यातून गाडीची विक्री 1,65,000 वजा.

ओढून आणल्याचा खर्च! गाडी यांनी चालवीत नेली, डिझेलसुद्धा आमचे. मग मी डब्यातल्या पावत्या काढून खाली चटईवर मांडल्या. आमचे हप्ते सतरा, त्यांच्या उताऱ्यात पंधरा. जानेवारी-फेब्रुवारी 2021 चे हप्ते आम्ही वसुलीच्या मुलाच्या हाती रोख दिले होते, त्याच्या दोन पिवळ्या पावत्या माझ्याजवळ होत्या. ते पैसे खात्यावर चढलेच नव्हते. ही एक चूक दुरुस्त झाली की व्याजासकट साडेचोवीस हजारांची बाकी उतरत होती.

अलिबागला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. 1987 च्या कायद्याने स्त्रीला तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचे उत्पन्न कितीही असो. भगिनींनो, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मी सहकर्जदार होते, नोटीस माझ्याही नावाची होती; म्हणून मी गेले. तेथील वकीलबाईंनी पत्र लिहून दिले. त्यांचे पहिले वाक्य मला फार आवडले: "आम्हांस देय रक्कम मान्य नाही, खालील कागद मिळाल्याखेरीज ती पडताळून पाहता येत नाही." मागितलेले कागद असे: करारनाम्याची प्रत, खात्याचा पूर्ण उतारा, विक्रीपूर्वी आम्हांस दिलेली नोटीस, गाडीची किंमत कोणी ठरविली त्याचा कागद, लिलावाला किती जणांनी बोली लावली त्याची यादी, विक्रीची तारीख व पावती. पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठविले. फोनवर काही बोलले नाही. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते.

यातले काही मागणे मेहेरबानीचे नव्हते. रिझर्व्ह बँकेचा अशा कंपन्यांना नियमच आहे की, ताबा घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, ताब्याची रीत, विक्रीपूर्वी कर्ज फेडण्याची शेवटची संधी आणि लिलावाची रीत ही करारातच लिहिलेली असली पाहिजे. आम्हांला ती शेवटची संधी कधी मिळालीच नाही. गाडी कधी विकली हेसुद्धा त्या नोटिशीवरूनच कळले. आणि दंडव्याजातले 11,400 तर सवलतीच्या महिन्यांचे लावले होते! त्या सहा महिन्यांसाठी दंडव्याज व व्याजावर व्याज घेऊ नये असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2021 रोजी दिला होता, म्हणजे आमच्या नोटिशीच्या कितीतरी आधी.

वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट बजावली. वसुलीवाला गोड बोलून म्हणतो, "वहिनी, पाचशे रुपये तरी भरा, नाहीतर नुसतं लिहून द्या की देणार आहोत." असे काही करावयाचे नाही. दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. आपण लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले की ती नव्याने मोजली जाते, आणि वादातला आकडा आपणच मान्य केल्यासारखे होते. जे खरोखर देणे आहे ते जरूर द्यावे, पण ते ठरल्यावर.

हे वाचून कोणी म्हणेल की बाई फार वाकड्यात शिरली. तर थोडा इतिहास सांगते. पुणे जिल्ह्यात सुपे येथे 12 मे 1875 रोजी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते रोखे आणि खतपत्रे, आणि ती मिळताच त्यांनी जाळली. इंग्रज सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात रोख्यावरचा आकडा प्रमाण न धरता व्यवहार मुळापासून तपासावयाचा, असे न्यायालयास सांगितले होते, आणि पैसे भरले की पावती मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला होता. म्हणजे पावती मागणे हा उद्धटपणा नाही, त्यासाठी लोकांनी तुरुंगवास सोसला आहे. आपल्याच अलिबाग तालुक्यात चरीचे शेतकरी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून 1933 पासून 1939 पर्यंत खोतांविरुद्ध संपावर होते, वाट्याच्या हिशेबापायीच की. असो.

पत्राला तीस दिवसांत उत्तर नाही. रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 पासून एकत्रित लोकपाल योजना सुरू केली होती. आधी कंपनीला लेखी तक्रार, तीस दिवस वाट, मग लोकपालाकडे, असा तिचा क्रम. पैसा लागत नव्हता. मुलीने मोबाईलवरून तक्रार भरली, पावत्या व फोटो जोडले. वाद आधीच न्यायालयात किंवा लवादापुढे गेलेला असला तर ती तक्रार घेत नसत, म्हणून आम्ही उशीर केला नाही.

तीन महिन्यांच्या आत कंपनीचे उत्तर आले आणि भाषा एकदम बदलली. दोन हप्ते जमा धरले. ओढण्याचे बारा हजार काढले. यार्डाचे अठरा हजार काढले, कारण गाडी चार महिने विकायची राहिली ती त्यांच्याकडून. दंडाचे 11,400 काढले. एकूण पासष्ट हजार नऊशे उतरले आणि मागणी 1,83,400 वर आली. एक अक्षर न भांडता, नुसते कागद दाखवून! विक्रीची किंमत मात्र त्यांनी सोडली नाही. आणि तो पुराव्याचा प्रश्न असल्याने तेथे सुटलाही नाही.

इकडे घरात दुसरेच दुखणे. दिरांनी नव्या इंजिनासाठी कर्ज मागितले होते, ते नाकारले गेले, कारण जामीन म्हणून त्यांच्या नावावरही ही थकबाकी दिसत होती. जाऊबाई माझ्याशी चार महिने बोलल्या नाहीत. गणपतीला एकाच चुलीपुढे बसून आम्ही दोघींनी मोदक वळले, ते मुलांच्या मधून निरोप देत. तिचे काही चुकले असे मी म्हणत नाही. होडी बंद राहिली तर पोटाला काय? जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हा 1872 पासूनचा कायदा आहे. पण त्याच कायद्यात दुसरेही एक कलम आहे, 141 वे: सावकाराने तारण घालविले किंवा जामिनाच्या संमतीवाचून हातचे सोडले, तर त्या तारणाच्या किमतीपुरता जामीन मोकळा होतो. वकीलबाईंनी दिरांच्या सहीने त्या आधारावर वेगळे पत्र पाठविले. जाऊबाईंना मी ते कलम मराठीत लिहून दिले. त्या म्हणाल्या, "मला कलम नको, इंजिन पाहिजे." बरोबरच होते त्यांचे.

सप्टेंबर 2022 मध्ये दूरच्या एका शहरातून लवादाची नोटीस आली. लवाद कंपनीनेच नेमलेला. तारखेला जाण्यायेण्याचे भाडेच आमच्या महिन्याच्या कमाईइतके. अशी नोटीस आली की लोक ती देवघरामागे ठेवून देतात आणि मग एकतर्फी निवाडा होतो. आम्ही उत्तर दिले: वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये असे सर्वोच्च न्यायालयाने 26 नोव्हेंबर 2019 रोजी सांगितले आहे, आमची हरकत नोंदवा. पुढे ते प्रकरण हलले नाही. निवाडा झालाच तर तो रद्द करून घेण्याची मुदत अगदी थोडी, तीन महिने आणि फार तर आणखी तीस दिवस असते, म्हणून नोटीस हाती पडली की तारीख तिच्याच पाठीवर लिहावी.

शेवटी 2023 मध्ये अलिबागच्या लोकअदालतीची चिठ्ठी आली. शेजारी म्हणाले, पकडून नेतील. कोणी कोणाला पकडत नाही. तेथे तडजोड आपल्या मर्जीवाचून होत नाही. पण एकदा सही केली की तो हुकूमनामाच होतो, त्यावर अपील नाही. म्हणून सहीपूर्वी दोनदा वाचावे.

मी विम्याचा कागद नेला होता. एप्रिल 2021 च्या विम्यात गाडीची किंमत तीन लाख चाळीस हजार लिहिलेली, आणि तो विमाही कंपनीच्याच मार्फत उतरविलेला. तीच गाडी, चारी टायर, चालत्या स्थितीत, तुम्ही एक लाख पासष्ट हजारांना विकता? बोली लावणारे किती होते? त्यांच्या माणसाजवळ यादी नव्हती. मी पाटीवर मांडावा तसा हिशेब सांगितला: तुमची बाकी तुमच्याच आकड्याने तीन लाख अठ्ठेचाळीस हजार चारशे, गाडी तीन चाळीसची, राहिले आठ हजार चारशे. तेथले न्यायाधीश हसले. म्हणाले, "बाई, विम्याची किंमत आणि बाजारभाव नेमका एक नसतो." मी म्हटले, मान्य, पण निम्म्याने तरी कमी नसतो.

चाळीस हजारांवर तोडले, चार हप्त्यांत. मला पंचवीस द्यावेसे वाटत होते, पण हे म्हणाले, पुरे आता. तडजोडीत दोन वाक्ये मी आग्रहाने घालून घेतली. पहिले: शेवटचा हप्ता मिळाल्यावर काही येणे नाही असे पत्र कर्जदार, सहकर्जदार व जामीन या तिघांच्या नावे द्यावे. दुसरे: जामिनाच्या नावापुढची थकबाकीची नोंद काढून खाते बंद म्हणून कळवावे. 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे शब्द कानाला सारखेच लागतात, पण पहिला शब्द पाहिला की पुढची बँक मान हलवते. वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो. दिरांचा आम्ही मागविला, त्यात जुनीच नोंद होती, तेव्हा तडजोडीची प्रत जोडून ती दुरुस्त करून घेतली. इंजिन पुढच्या नारळी पौर्णिमेआधी बसले. जाऊबाईंनी माझ्याकडे सुरमईचा वाटा पाठविला, बरोबर निरोप काही नाही.

आरसीचे काम तेवढे रेंगाळले. विकलेल्या गाडीवर अजून यांचेच नाव होते. पेणच्या परिवहन कार्यालयात ताबापावतीची प्रत जोडून अर्ज दिला, कंपनीलाही दोन पत्रे पाठविली, आणि दर महिन्याला मुलगी गाडीचा नंबर घालून मोबाईलवर पाहत असे. शेवटी एकदाचे नाव बदललेले दिसले.

गेल्या महिन्यात दोघीजणी अशाच नोटिसा घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. एकीची रिक्षा आहे, एकीच्या मुलाची मोटारसायकल. मी वकील नाही, पण उताऱ्याशी पावत्या ताडून पाहणे मला येते आणि अलिबागच्या त्या कार्यालयाची वाट ठाऊक आहे. मंगळवारी व शुक्रवारी दुपारी तीननंतर मी घरी असते. येताना करारनामा, उतारा आणि असतील तेवढ्या पावत्या आणाव्यात. भिजलेल्या, चुरगळलेल्या असल्या तरी चालतील, इस्त्री फिरवून पाहू.